जुन्या फाटकावरची साक्षीदार

कोर्टात सगळे त्यांना पुकारे म्हणत. वकील म्हणत, कारकून म्हणत, वर्षानुवर्षं तारखांना येणारे आरोपीसुद्धा म्हणत. पुढे पुढे तर बायकोही चिडली की म्हणायची, "अहो पुकारे, जेवायला येताय, की तीनदा नाव घेऊ?"

फौजदारी कोर्टाच्या दाराशी उभं राहून हाक मारायची, हे त्यांचं काम. आत साहेबांनी खटला घेतला की बाहेर येऊन आरोपीचं किंवा साक्षीदाराचं नाव पुकारायचं. एकदा पुकारायचं, थांबायचं. दुसऱ्यांदा, थांबायचं. तिसऱ्यांदाही कुणी उठलं नाही तर आत जाऊन सांगायचं, "हजर नाही, साहेब." चौतीस वर्षं त्यांनी हे केलं.

आवाज वडिलांकडून आला होता. वडीलही कोर्टात पट्टेवाले होते, आणि त्यांच्या वेळी कोर्ट म्हणजे धान्याचं जुनं गोदाम होतं. शहर वाढलं, गुन्हे वाढले, पण बसायला जागा नाही, म्हणून सरकारने बाजारातलं एक गोदाम घेतलं. वरच्या माळ्यावर न्यायाधीश आणि खालच्या कोठ्यांत कैदी. जिथे पोती रचायची तिथे माणसं कोंबली. वडील सांगायचे, की साक्ष चालू असताना वरच्या वाशांतून गहू टपकायचे आणि एका चोरीच्या खटल्यातला मुद्देमाल, सुकामेव्याची पिशवी, उंदरांनी अर्धी फस्त केली होती. आरोपीचा वकील उठून म्हणाला, "साहेब, खरे चोर आता सापडले आहेत." गावातले लोक म्हणत, आधी इथे धान्य तोलत होते, आता माणसं तोलतात, मापात मारायची पद्धत मात्र तीच. वडिलांना हे बोलणं लागायचं. ते म्हणायचे, "आपलं काम तराजूचं नाही, आपलं काम हाकेचं. ज्याचं नाव आहे त्याच्या कानापर्यंत ते पोचवायचं. एवढं चोख केलं तरी पुष्कळ."

मग दगडी इमारत झाली. पुकारे चोविसाव्या वर्षी कामाला लागले ते त्या इमारतीत. उंच छत, लांबच लांब ओसरी, आणि पुढे बारा रुंद पायऱ्या. न्यायाधीशांचा जिना वेगळा, लोकांचा वेगळा, आणि कैद्यांसाठी खालच्या कोठडीतून थेट आरोपीच्या पिंजऱ्यात निघणारा एक अरुंद, गोल जिना. त्या जिन्यातून आधी बेड्यांचा आवाज यायचा आणि मग डोकं दिसायचं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पुकाऱ्यांनी ती एकोणतीस वर्षं रोज चढली. त्या ओसरीवर त्यांनी बाप मुलाविरुद्ध साक्ष द्यायला आलेला पाहिला, सुटलेला आरोपी फिर्यादीच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडताना पाहिला, आणि फाशीची शिक्षा ऐकून आलेल्या आईने शांतपणे "बस कुठून मिळेल?" असं विचारलेलंही ऐकलं.

ओसरीवरून त्यांनी हाक दिली की ती पायऱ्या उतरून, फाटक ओलांडून, पलीकडच्या चौकापर्यंत जायची. चौकात चहा पिणारे लोक अर्धा कप टाकून धावत यायचे. पुकाऱ्यांना याचा अभिमान होता. अभिमानाला तसं कारणही होतं. पण तो हळूहळू डोक्यात गेला, हे त्यांना फार उशिरा कळलं.

त्या वर्षी एक खटला चालू होता. आरोपी होता खिडक्यांना काचा बसवणारा एक पोरगेलासा माणूस. काचवाला. भर दुपारी एका दुकानात शिरून मालकाच्या डोक्यात काही तरी मारून गल्ला पळवला, असा त्याच्यावर आरोप. मालक वाचला, पण त्याने मारणाऱ्याला नीट पाहिलं नव्हतं. शेजारच्या दुकानदाराने पाठमोरा पाहिला आणि काचवाल्याकडे बोट दाखवलं, कारण आठवड्यापूर्वी काचवाला तिथे काम करून गेला होता. बचावाची साक्षीदार एकच. कपड्यांना इस्त्री करून देणारी एक बाई. तिचं म्हणणं, त्या दुपारी काचवाला दोन तास तिच्याच घरी खिडकीची काच बसवत होता.

इस्त्रीवाली दोनदा तारखेला आली. दोन्ही वेळा आधीचे खटले लांबले आणि साहेबांना वेळ झाला नाही. दोन्ही वेळा ती ओसरीच्या टोकाच्या बाकावर दिवसभर बसली. दुसऱ्या खेपेला संध्याकाळी पुकारे तिच्याजवळ गेले.

"ताई, आज नाही होणार. पुढची तारीख पडली."

"भाऊ, माझे दोन दिवस बुडाले. गिऱ्हाईक ओरडतं."

"पुढल्या वेळी नक्की होईल. तुमचंच नाव पहिल्या पाचांत आहे."

"मला वाचता येत नाही बघा. त्या कागदावर काय लिहिलंय ते तुम्हीच सांगा."

पुकाऱ्यांनी कागद पाहून तारीख सांगितली. तिने ती बोटांवर मोजली. "आणि मी कुठे असले तरी तुमची हाक येईल ना?"

"चौकात असलात तरी येईल," पुकारे म्हणाले.

ती तारीख नेमकी नव्या इमारतीतली पहिली निघाली. दगडी इमारत अपुरी पडू लागली होती. कागदपत्रांचे गठ्ठे संडासापर्यंत आले होते. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस डेपोच्याही पुढे, सात मजली नवं कोर्ट उभं राहिलं. लिफ्ट, पंखे, चकचकीत फरशी. हलवाहलवीत पंधरा दिवस गेले. समन्स जुन्या पत्त्याची आधीच वाटली गेली होती, आणि ती बदलून द्यायला कुणाला सवड झाली नाही.

शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाच्या कचेरीचे प्रमुख, कडक पण सरळ गृहस्थ होते. त्यांनी पुकाऱ्यांना बोलावलं.

"पुकारे, पहिला आठवडा तुम्ही जुन्या फाटकावर उभे राहा. लोक सवयीने तिकडेच जाणार. तुम्हाला सगळे ओळखतात. जो येईल त्याला बसमध्ये बसवून इकडे पाठवा."

पुकाऱ्यांचा चेहरा पडला. नव्या इमारतीतला पहिला पुकारा आपला असेल, हे त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. बायकोला सांगितलं होतं, लेकीला आणि जावयाला सांगितलं होतं. गणवेशाला कडक इस्त्री करून ठेवली होती.

"साहेब, पहिल्या दिवशी मी इथेच बरा. तिथे मी वॉचमनला उभं करतो. नीट समजावतो त्याला."

"नक्की?"

"नक्की, साहेब. माझी जबाबदारी."

शिरस्तेदारांनी तसं वर लिहून कळवलं. त्या सकाळी पुकारे आधी जुन्या फाटकावर गेले. वॉचमन जागेवर नव्हता. दहा मिनिटं वाट पाहिली. बसची वेळ होत होती. खिशात नोटीस होती, ती त्यांनी फाटकाच्या खांबावर चिकटवली, तळहाताने दाबून नीट बसवली, आणि बस पकडली. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाचता येत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या घटकेला त्यांच्या डोळ्यांसमोर नवी ओसरी होती.

नवी ओसरी म्हणजे नुसता बंद बोळ निघाला. दोन्ही बाजूंना भिंती, वर पांढरे दिवे. तरी पहिला पुकारा दणदणीत झाला. एक तरुण वकील म्हणाला, "पुकारे, इमारत पडेल हो!" सगळे हसले, पुकारेही हसले. तिसरा खटला काचवाल्याचा. पुकाऱ्यांनी इस्त्रीवालीचं नाव घेतलं. थांबले. बोळाच्या टोकाकडे पाहिलं. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. मग आत गेले आणि म्हणाले, "हजर नाही, साहेब."

काचवाल्याचा वकील सरकारने नेमून दिलेला होता. त्याने पुढची तारीख मागितली. साहेब म्हणाले, "खटला चार वर्षं जुना आहे. जुने खटले निकाली काढायचा आदेश आहे. तुमचा पुरावा संपला असं मी नोंदवतो." पिंजऱ्यातून काचवाला दाराकडे बघत होता. आपली नजर त्याच्या नजरेला भिडेल म्हणून पुकारे पंख्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी ते मुद्दाम वाट वाकडी करून जुन्या इमारतीवर गेले. फाटकाला कुलूप होतं. समोरचा चहावाला भांडी आवरत होता.

"पुकारे, तुमची एक बाई आली होती. सकाळी नऊपासून त्या पायरीवर बसलेली. मी म्हटलं, बाई, आत कुणी नाही. तर म्हणाली, उघडतील. ते भाऊ पुकारा करतील, चौकापर्यंत येतो त्यांचा आवाज. पाच वाजता गेली."

"तू सांगितलं नाहीस तिला? कोर्ट हललं म्हणून?"

"मला काय माहीत, सगळं हललं की अर्धं? वॉचमन दुपारी आला. त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं."

पुकारे फाटकाशी गेले. खांबावर नोटीस तशीच होती, एकही कोपरा न निघालेली.

तिसऱ्या दिवशी काचवाल्याच्या वकिलाने अर्ज दिला: साक्षीदार जुन्या इमारतीवर दिवसभर हजर होती, तिला तिथे कुणी सांगितलं नाही, तिची साक्ष घ्यावी. सरकारी वकील उठून म्हणाले, "साहेब, ही नंतर रचलेली सबब आहे. जुन्या फाटकावर माणूस नेमला होता, तसं कळवलेलं आहे." साहेबांनी शिरस्तेदारांकडे पाहिलं. शिरस्तेदारांनी दाराशी उभ्या असलेल्या पुकाऱ्यांकडे पाहिलं.

"पुकारे, फाटकावर माणूस होता ना?"

पुकारे पुढे कितीदा तरी स्वतःला सांगायचे, की त्या क्षणी विचार करायला वेळच नव्हता. पण वेळ होता. चांगला घोटभर पाणी प्यावं इतका वेळ होता. त्या वेळात त्यांच्या मनात चौकशी आली, निलंबन आलं, वडिलांचं नाव आलं, जावई काय म्हणेल हेही आलं. काचवाला मात्र आला नाही.

"होता, साहेब," ते म्हणाले.

अर्ज फेटाळला गेला. इस्त्रीवालीवर साहेबांनी निकालात दोन ओळी लिहिल्या: साक्षीदार सोयीनुसार गैरहजर राहिली आणि खोटी सबब सांगितली. काचवाल्याला सात वर्षं झाली. निकालाच्या दिवशी त्याचं नाव पुकाऱ्यांनीच पुकारलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. याचंच त्यांना नंतर सगळ्यांत वाईट वाटायचं.

त्यानंतरची पाच वर्षं पुकारे नाकासमोर चालले. कामात कसूर नाही, रजा नाही. इस्त्रीवालीची गल्ली त्यांनी टाळली. त्या बाजूला लेकीचं घर होतं तरी लांबून वळसा घालून जायचे. दर उन्हाळ्यात ठरवायचे, की सुट्टी संपली की शिरस्तेदारांना सांगायचं. तेवढ्यात शिरस्तेदारही निवृत्त होऊन मुलाकडे गेले, आणि पुकाऱ्यांना हायसं वाटलं. हायसं वाटलं म्हणून मग लाज वाटली. दोन्ही एकाच दुपारी.

निवृत्तीच्या दिवशी कोर्टात छोटासा समारंभ झाला. नवे न्यायाधीश भला माणूस. ते म्हणाले, "चौतीस वर्षांत यांच्या पुकाऱ्यातून एकही माणूस सुटला नाही." टाळ्या झाल्या. पुकारे खाली बघत बसले. लोकांना वाटलं, गहिवरले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडून झाल्यावर तिने मान वर केली.

"पाच वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा."

"म्हणालेच असते."

"म्हणून नाही सांगितलं."

तिने निवडलेली भाजी उचलली. मग म्हणाली, "अहो, मग आता म्हणते. जा."

दुसऱ्या सकाळी पुकारे त्या गल्लीत गेले. इस्त्रीवाली दारातल्या फळीवर चादर दाबत होती. केस पांढरे झाले होते. तिने त्यांना ओळखलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"भाऊ, तुम्ही?"

त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. पहिल्या पुकाऱ्याची हौस, वॉचमन, नोटीस, आणि तो एक शब्द. काही गाळलं नाही. इस्त्रीवाली ऐकत ऐकत फळीचा कोपरा धरून खाली बसली.

"म्हणजे तुम्ही हाक मारलीच नव्हती तिथे?"

"नाही, ताई."

"मला वाटत होतं, माझंच चुकलं. मला वाटलं, माझा डोळा लागला असेल. कानाने दगा दिला असेल. डॉक्टरकडे कान दाखवून आले मी, भाऊ." तिने बोळाकडे बोट दाखवलं. "त्याची आई पलीकडच्या बोळात राहायची. मी शपथ घेऊन सांगितलं, मी दिवसभर तिथेच होते. ती म्हणाली, कोर्टाच्या कागदावर लिहिलंय तू खोटं बोलतेस. कोर्ट काय खोटं लिहील? माझं तोंड बघायची नाही ती. बाजारात दिसले तर रस्ता ओलांडायची."

"मी येतो तुमच्याबरोबर. तिच्या दारात उभा राहून सांगतो. हवं तर जोडे मारू दे."

"कुणाच्या दारात उभे राहता?" इस्त्रीवाली म्हणाली. "गेली ती. दीड वर्ष झालं. मी तिच्या मातीला सुद्धा गेले नाही. मला कोण येऊ देणार?"

एक गिऱ्हाईक कपडे मागायला आलं. तिने उठून त्याला कपडे दिले, आणि परत आल्यावर एवढंच विचारलं, "हे तुम्ही लिहून द्याल?"

"द्यायलाच आलोय."

काचवाल्याचं अपील वरच्या कोर्टात पाच वर्षं नंबराची वाट बघत पडलं होतं. पुकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्र केलं: मी न्यायाधीशांसमोर खोटं बोललो, फाटकावर माणूस नव्हता. ते लिहिणारा तरुण वकील म्हणाला, "काका, हे म्हणजे वरातीमागून घोडं. शिवाय तुमच्यावर कारवाई होईल." पुकारे म्हणाले, "होऊ दे."

कारवाई झाली. एका छोट्या खोलीत दोन अधिकारी बसले, वीस मिनिटं प्रश्न विचारले, आणि महिन्याभराने तीन ओळींचं पत्र आलं: वर्तन गंभीर, परंतु निवृत्ती लक्षात घेता ताकीद पुरेशी. पुकाऱ्यांनी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. ज्याला वाघ समजून पाच वर्षं जीव मुठीत धरून बसले होते, ते मांजर निघालं. शिक्षा मोठी झाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

वरच्या कोर्टाने खटला परत पाठवला. नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, इस्त्रीवालीची साक्ष अखेर झाली. पुकारे बोळातल्या बाकावर साध्या कपड्यांत बसले होते. आता भिंतीवर नंबरांचा फलक होता आणि नावं लाउडस्पीकरवरून येत. तिचं नाव आलं तेव्हा तिला ते कळलं नाही, इतकं घाईत आणि खरखरत आलं. पुकारे उठले, तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "ताई, तुम्हाला बोलावलंय." ती आत गेली. सरकारी वकिलाने उलटतपासात तिला तासभर पिळलं. ती हलली नाही. पंधरा दिवसांनी काचवाला निर्दोष सुटला. तोवर त्याची सहा वर्षं भरत आली होती.

निकालानंतर तो बोळात आला. पोरगेला राहिला नव्हता. बोटं जाड झाली होती, तुरुंगात त्याला दगड फोडायच्या कामाला लावलं होतं. पुकारे हात जोडून त्याच्यापुढे उभे राहिले.

"काका," काचवाला म्हणाला, "वकील म्हणतात, तुम्ही लिहून दिलंत म्हणून मी सुटलो. आणि तुम्हीच खोटं बोललात म्हणून अडकलो होतो. आता मी तुमच्या पाया पडू, की तुमचा गळा धरू?"

"गळा धर," पुकारे म्हणाले. "माझी तक्रार नाही."

काचवाल्याने मान हलवली. "त्यानं काय होणार? आईला कुणी सांगायचं, तेवढं सांगा." आणि उत्तराची वाट न बघता तो इस्त्रीवालीचा हात धरून जिन्याकडे गेला. लिफ्ट समोरच उघडी होती, पण ते दोघं जिन्यानेच उतरले.

काचवाला फार दिवस शहरात राहिला नाही. निर्दोष सुटला तरी लोक घरात घ्यायला कचरत. काच बसवायची म्हणजे माणूस घराच्या आत येणार. तो दुसऱ्या गावी गेला आणि तिथे एका कारखान्यात लागला, असं कानावर आलं. इस्त्रीवाली त्याच गल्लीत आहे. निकालाच्या कागदावरच्या त्या दोन ओळी नव्या निकालाने पुसल्या गेल्या. तिने तो कागद शेजारणीच्या मुलीकडून वाचून घेतला आणि बोळातल्या चार घरी नेऊन दाखवला. ज्या घरी दाखवायचा होता ते घर भाड्याने गेलं होतं.

पुकारे आता लेकीकडे जाताना लांबचा वळसा घालत नाहीत. सरळ त्या गल्लीतून जातात. इस्त्रीवाली फळीवर वाकलेली असते. त्यांची चाहूल लागली की ती वर बघते, मान हलवते आणि पुन्हा कामाला लागते. पुकारेही तिथे थांबत नाहीत.